सोनेरी घरातलं सोनं

सॅनिटरीवेअरच्या कुठल्याही मोठ्या दुकानात आता एक भिंत सोनेरी असते. नळ, शॉवर, टॉवेल अडकवायची दांडी, मोरीवरची जाळी, इतकंच काय, फ्लशचं बटणसुद्धा सोनेरी. रंग जवळजवळ सारखा, किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक. दुकानदार बोटाने दाखवत जातो: हा गोल्ड फिनिश, हा पीव्हीडी गोल्ड, हा ब्रश्ड, हा रोझ, हा अँटिक. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि शेवटी डोळ्यांना बरा वाटेल तो उचलतं. त्या अख्ख्या भिंतीवर खरं सोनं बहुतेक वेळा गुंजभरही नसतं.

नसतं म्हणून फसवणूक झाली असं नाही. घरातल्या सोनेरीपणाचा सोन्याशी संबंध पूर्वीही थोडाच होता. पण ‘सोनेरी’ या एका नावाखाली आज निदान पाच वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात: पितळ, लॅकर चढवलेलं पितळ, रंगवलेलं ॲल्युमिनियम, निर्वात पोकळीत थर चढवलेलं स्टील किंवा पितळ, आणि क्वचित खरा सोन्याचा मुलामा. दुकानातल्या दिव्याखाली पाचही सख्खी भावंडं वाटतात. तीन वर्षं पाणी, साबण, घाम आणि मोलकरणीच्या हातातली घासणी सोसल्यावर त्यांची कुळं वेगळी होतात.

आधी त्या पोकळीतल्या थराबद्दल, कारण आजच्या सोनेरी लाटेमागचं खरं कारण तो आहे. पीव्हीडी ही तीन अक्षरं विक्रेते मंत्रासारखी म्हणतात. त्यामागची कृती मात्र कारखान्यातली आहे. घासूनपुसून तयार केलेले नळ एका बंद भांड्यात टांगतात आणि त्यातली हवा जवळजवळ पूर्ण काढून घेतात. आत टायटेनियमचा किंवा झिर्कोनियमचा ठोकळा असतो. विजेच्या ठिणगीने किंवा आयनांच्या माऱ्याने त्या ठोकळ्यातून धातूचे अणू उडू लागतात. त्याच वेळी थोडा नायट्रोजन आत सोडतात. अणू नायट्रोजनशी जोडले जाऊन नळाच्या पृष्ठभागावर बसतात आणि तिथे टायटेनियम नायट्राइड नावाचं एक अतिशय कठीण संयुग तयार होतं. त्याचा स्वतःचा रंगच सोनेरी असतो. नायट्रोजनचं प्रमाण थोडं इकडेतिकडे केलं की छटा बदलते. झिर्कोनियम वापरलं की फिकट, पितळेकडे झुकणारी झाक येते. कार्बनही मिसळला तर तांबूस, म्हणजे बाजारातलं ‘रोझ गोल्ड’.

हे तंत्र नळांसाठी जन्मलं नव्हतं. ड्रिल मशीनची सोनेरी पाती ज्यांनी पाहिली असतील, त्यांनी हाच थर पाहिला आहे. लोखंड कापताना पातं लवकर बोथट होऊ नये म्हणून 1980 च्या आसपास हत्यारांवर टायटेनियम नायट्राइड चढवायला सुरुवात झाली. सोनेरी रंग हा तिथे फुकटचा होता, कोणी मागितलेला नव्हता. नळवाल्यांना तो रंगच हवा होता आणि कठीणपणा वर मिळाला.

त्यांना तो इतका हवा का होता, याला अमेरिकेतली एक फजिती कारण आहे. 1980 च्या दशकात तिथल्या घरांमध्ये चकचकीत पितळेची साथ आली. नळ, दारांच्या मुठी, झुंबरं, शेकोटीच्या चौकटी, सगळं पिवळंधमक. पितळ काळं पडू नये म्हणून त्यावर पारदर्शक लॅकरचा हात दिलेला असे. न्हाणीघरात रोज वाफ, रोज साबण. लॅकरला सूक्ष्म भेगा पडत, त्यातून पाणी आत शिरे आणि खालचं पितळ ठिपक्याठिपक्यांनी काळं पडे. आता घासावं तर वरचं लॅकर निघतं, न घासावं तर डाग वाढतात. लोक इतके वैतागले की पुढची वीसेक वर्षं अमेरिकी घरात सोनेरी नळ म्हणजे जुनाटपणाची खूण ठरला. सगळं क्रोम आणि निकेलकडे वळलं. 1990 च्या दशकात नळकंपन्यांनी पीव्हीडी आणलं ते या डागांवर उपाय म्हणून. आज आपल्याकडे जो ब्रश्ड गोल्ड ‘नवा’ म्हणून येतो, तो त्या चुकीनंतरची दुसरी फेरी आहे.

मात्र हा थर किती जाड असतो ते लक्षात ठेवायला हवं. मायक्रॉनच्या काही दशांशांपासून फार तर दोन-चार मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. इतका पातळ थर खालचा खडबडीतपणा झाकू शकत नाही. खाली ओरखडा असेल तर वर सोनेरी ओरखडा दिसतो. म्हणूनच चांगल्या नळात आधी पितळेचं अंग, त्यावर निकेल, त्यावर क्रोम आणि मग सगळ्यात वर पीव्हीडी असा क्रम असतो. गंजापासून बचाव मुख्यतः मधले थर करतात, घासणीपासून बचाव वरचा. मधले थर स्वस्तात उरकले की वरचा कितीही कठीण असो, खालून फोड येतात. शिवाय थर फक्त बाहेरून असतो. पाणी आतल्या पितळेलाच लागून येतं. त्यामुळे नळ विकत घेताना रंगाआधी अंग विचारावं: आत पितळ आहे, स्टील आहे, जस्ताचा मिश्रधातू आहे की प्लास्टिक?

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. हातात घेऊन वजन पाहिलं तरी बरंच कळतं. पितळ घनसेंटिमीटरला साडेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, जस्ताचा ओतीव मिश्रधातू पावणेसातच्या आत, प्लास्टिक तर हाताला लागतच नाही. कपाटांची बहुतेक सोनेरी हँडल्स जस्ताची असतात आणि कोरड्या खोलीत ती चालतातही. ओल्या जागी नळ जस्ताचा नसावा. पितळेला लोहचुंबक चिकटत नाही, पण या कसोटीवर फार विसंबू नये. स्टेनलेस स्टीलच्या सोनेरी पट्ट्या आणि पत्रे घेताना दुकानदार चुंबक लावून दाखवतो आणि ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे 304’ असं सांगतो. स्वस्तातल्या 202 प्रतीच्या स्टीललासुद्धा चुंबक चिकटत नाही. फरक कळतो तो दोन पावसाळ्यांनंतर, आणि कोकणात त्याच्याही आधी. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात 304 लाही तपकिरी डाग येतात. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यात घराबाहेरच्या कठड्याला किंवा फाटकाला सोनेरी करायचा हट्टच असेल तर आत 316 हवं.

खरं सोनं या सगळ्यात कुठे आहे? आहे, आणि वाटतं त्याहून स्वस्तात आहे.

सोनं इतकं पातळ होतं की हिशेब ऐकून माणूस बुचकळ्यात पडतो. 2021 च्या डिसेंबरात अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा सुमारे पंचवीस चौरस मीटरचा आहे, म्हणजे एखाद्या प्रशस्त दिवाणखान्याएवढा. तो सगळा सोन्याने मढवलेला आहे आणि त्याला लागलेलं सोनं आहे 48.25 ग्रॅम. पाच तोळ्यांच्या आत. थराची जाडी शंभर नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनचा दहावा भाग. ठोकून केलेला सोन्याचा वर्खही साधारण याच जाडीचा असतो. दुबईच्या बुर्ज अल अरब हॉटेलात 1,790 चौरस मीटर सोन्याचा वर्ख लावला आहे असं सांगतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सोन्याच्या विटा येतात. गणित केलं तर त्याचं वजन साडेतीन किलोच्या आत भरतं. एखाद्या मोठ्या देवस्थानाच्या दागिन्यांपुढे ते काहीच नाही.

हेच गणित नळाला लावून पाहावं. बेसिनच्या नळाचा पृष्ठभाग पाचशे चौरस सेंटिमीटर धरला आणि त्यावर पाव मायक्रॉनचा सोन्याचा मुलामा दिला, तर सोनं लागतं पाव ग्रॅमच्या आत. 2025 मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला. त्या भावानेही हे सोनं अडीच हजारांच्या आतलं. ‘चोवीस कॅरेट गोल्ड प्लेटेड’ नळासाठी मोजलेल्या रकमेत सोन्याचा वाटा इतकाच असतो. बाकीचे पैसे कारागिरीचे, नावाचे आणि मिरवण्याचे. आणि हा नळ वापरायला सगळ्यात नाजूक. शुद्ध सोनं काळं पडत नाही, पण मऊ असतं. रोज हात लागणारी मूठ, रोज फिरणारं फडकं, यांनी पाव मायक्रॉनचा थर झिजतोच आणि आधी कडांवर खालचं निकेल पांढुरकं डोकावायला लागतं. जिथे हात लागतो तिथे खरं सोनं लावणं ही हौस आहे, शहाणपण नव्हे.

या हौसेची टोकं मनोरंजक आहेत. समाजवादाचा जगभर विजय झाल्यावर सोन्याची सार्वजनिक शौचकुपं बांधावीत असं लेनिनने 1921 मध्ये लिहिलं होतं. पैसा म्हणून सोन्याची किंमत संपेल, हे त्याला ठसवायचं होतं. ते शौचकूप अखेर बांधलं एका इटालियन कलावंताने. मॉरिझिओ कॅटेलानचं ‘अमेरिका’ नावाचं अठरा कॅरेट सोन्याचं कमोड 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात चालू नळजोडणीसह बसवलं गेलं आणि लोकांनी रांगा लावून ते वापरलं. वजन जवळपास शंभर किलो. 2019 च्या सप्टेंबरात ते इंग्लंडमधल्या ब्लेनहाइम पॅलेसमध्ये होतं, चर्चिल जिथे जन्मला त्या वाड्यात. चोरांनी ते रात्रीतून उखडून नेलं, फुटलेल्या जोडणीतून पाणी वाहत राहिलं आणि जुन्या इमारतीचं नुकसान झालं ते वेगळंच. 2025 मध्ये या चोरीप्रकरणी न्यायालयाने काहींना दोषी ठरवलं, सोनं मात्र मिळालं नाही.

सोनं टिकतं ते हात न लागणाऱ्या जागी. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबचं बांधकाम महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात करवलं. त्याचा सोन्याने मढवलेला घुमट गोदावरीकाठच्या उन्हापावसात उभा आहे. पूर्वी तांब्यावर असा मुलामा देण्याची प्रचलित रीत पाऱ्याची होती. सोनं पाऱ्यात विरघळवून त्याचं लोण्यासारखं मिश्रण करायचं, ते धातूवर चोपडायचं आणि खालून तापवायचं. पारा वाफ होऊन उडतो, सोनं धातूला धरून राहतं. मुलामा अप्रतिम बसतो. वाफ मात्र कारागिराच्या फुप्फुसात जाते. सेंट पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक कॅथेड्रलचा घुमट याच पद्धतीने मढवताना साठेक कामगार पाऱ्याच्या विषबाधेने गेले असं सांगितलं जातं. युरोपातल्या राजवाड्यांत फर्निचरवरचं सोनेरी धातुकाम पाहताना ही किंमत कोणी सांगत नाही. आज मुलामा विजेच्या टाकीत देतात, पण त्या टाकीतही बहुधा सायनाइडचे क्षार असतात. गल्लीतल्या गाळ्यात स्वस्तात ‘गोल्ड प्लेटिंग’ करून देणाऱ्याला सांडपाण्याचं काय करता हे विचारायला हरकत नाही.

वर्खाची रीत निराळी आणि घरासाठी अधिक सोयीची. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलची किंवा बॉम जेझुस बॅसिलिकाची वेदी पाहिली तर समोर सोन्याची भिंतच उभी आहे असं वाटतं. ते सगळं लाकूड आहे. लाकडावर खडू आणि सरसाचे थर, त्यावर तांबड्या मातीचा पातळ लेप, मग ओलसर पृष्ठभागावर सोन्याचा वर्ख, आणि शेवटी अकीक दगडाने घोटून आणलेली झळाळी. ती तांबडी माती दिसत नाही, पण वर्ख इतका पातळ असतो की खालची ऊब वर जाणवते. गोव्याच्या दमट हवेत वाळवी आणि ओल लाकडाला खातात, रंग उडतात, सोनं मात्र तसंच असतं. आजही फोटोफ्रेम, आरशाची चौकट, देवघराची कमान किंवा छताची किनार यांना वर्ख लावून मिळतो. फक्त वर्ख कसला आहे ते विचारून घ्यावं. बाजारात ‘गोल्ड लीफ’ म्हणून मिळणारा बराचसा वर्ख पितळेचा असतो. त्यावर वॉर्निश नसेल तर तो काही महिन्यांत तपकिरी होतो. डब्यातल्या सोनेरी रंगाचंही तेच. त्यात पितळेची पूड असेल तर तो काळवंडणार; अभ्रकावर आधारलेला असेल तर चमक कमी, पण रंग टिकाऊ.

मराठी घराला सोनेरी रंग शिकवावा लागत नाही. समई, लामणदिवा, घंगाळ, दारावरच्या पितळी फुल्या, कडी-कोयंडा, ओटीवरच्या झोपाळ्याच्या नक्षीदार कड्या. हे सगळं नागडं पितळ होतं. तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू, वर काहीही न चढवलेला. तो हवेत मंदावतो, आंबट लागलं की कळकतो आणि सणाच्या आदल्या दिवशी चिंच किंवा पितांबरी लावून पुन्हा उजळतो. भंडाऱ्यासारख्या गावाची ओळखच पितळी भांड्यांनी झाली. स्टेनलेस स्टील आलं, घासायला माणसं आणि वेळ उरला नाही, आणि पितळ माळ्यावर गेलं. गंमत अशी की तेच नागडं पितळ आता युरोप-अमेरिकेतल्या उंची दुकानांत ‘जिवंत फिनिश’ म्हणून जास्त पैसे घेऊन विकलं जातं. हात लागतो तिथे उजळ, न लागे तिथे गडद, असा रंग त्यांना हवा असतो. आजीच्या घरातल्या दाराची मूठ त्यांनी पाहिली असती तर ती उंची दुकानं बंद झाली असती.

नागड्या पितळेच्या बाजूने एक मुद्दा आरोग्याचाही आहे. साठ टक्क्यांहून अधिक तांबं असलेल्या मिश्रधातूंच्या उघड्या पृष्ठभागावर अनेक जीवाणू दोन तासांत मरतात. हा दावा तपासून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2008 मध्ये अशा धातूंची नोंदणी केली. पण अट अशी की पृष्ठभाग उघडा हवा. लॅकर किंवा पीव्हीडी चढवलं की तांब्याचा हा गुण झाकला जातो. दाराच्या मुठी आणि जिन्याचा कठडा यांना म्हणूनच थर न दिलेलं पितळ शोभतं. हात फिरत राहिला की ते स्वतःच उजळ राहतं.

इथवर सगळी चर्चा पृष्ठभागाची झाली, आणि सोनेरी खोली बिघडते ती बहुधा पृष्ठभागामुळे नव्हे. ती बिघडते दिव्यामुळे.

सोनं पिवळं दिसतं कारण ते प्रकाशातला निळा भाग बराचसा गिळतं आणि पिवळा-तांबडा भाग परत फेकतं. पितळ आणि टायटेनियम नायट्राइडही तेच करतात. म्हणजे अंगावर पडणाऱ्या उजेडात तांबडा-पिवळा भाग असेल तरच सोनेरी वस्तूला परत द्यायला काही असतं. आपल्या घरांत सवय पांढऱ्या ट्यूबलाइटची. एलईडी आले तेव्हाही लोकांनी खोक्यावर ‘कूल डेलाइट’, 6500 केल्विन लिहिलेलेच घेतले, कारण ‘उजेड लख्ख पाहिजे’. या निळसर उजेडात महागातला सोनेरी नळ हिरवट, आजारी दिसतो आणि माणूस फिनिशला दोष देतो. तोच नळ 2700 किंवा 3000 केल्विनच्या दिव्याखाली ठेवला की ओळखू येत नाही. दुकानदारांना हे पक्कं माहीत असतं. सोनेरी भिंतीवरचे दिवे कधी वर मान करून पाहावेत. ज्याला घरातली ट्यूब बदलायची नाही, त्याने सोनेरीवर पैसे घालू नयेत, इतकं साधं हे गणित आहे. स्वयंपाकघरात ओट्यावर पांढरा उजेड हवाच असेल तर 4000 केल्विनचा मधला दिवा तडजोड म्हणून चालतो.

दुसरी गोष्ट उजेडाच्या प्रमाणाची. सोनेरी वस्तू मुळात अंधाऱ्या खोल्यांसाठी घडल्या. विजेआधीच्या घरात सोनं हे शोभेइतकंच उजेडाचं साधन होतं. कोपऱ्यातल्या एका दिव्याचा प्रकाश ते खोलीभर पोचवत असे. जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकीने 1933 च्या सुमारास सावल्यांवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात काळोख्या खोलीतल्या सोनेरी पडद्यांबद्दल हेच निरीक्षण नोंदवलं. आपल्या जवळचा दाखला तंजावरचा आहे. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं आणि तंजावर चित्रशैली बहरली ती या मराठा राजांच्या आश्रयाने. लाकडी फळीवर कापड, त्यावर लेपाने उठाव आणलेले दागिने, कमानी, सिंहासनं, आणि त्या उठावावर सोन्याचा पत्रा. उठाव देण्यामागे हिशेब होता. तेलाच्या दिव्याची ज्योत हलली की प्रत्येक उंचवट्यावरची चमक वेगळी हलते आणि देव जागा झाल्यासारखा वाटतो. तेच चित्र आज बैठकीच्या खोलीत समोरून स्पॉटलाइट मारून लावतात, तेव्हा सोनं एकसारखं पांढरं तळपतं आणि चेहरा दिसेनासा होतो. दिवा बाजूने, खालून किंवा थोडा लांबून हवा.

याच कारणाने चकचकीतपेक्षा ब्रश्ड किंवा सॅटिन फिनिश आपल्या घरांना अधिक मानवतो. आपल्याकडे ऊन भरपूर आणि खिडक्या मोठ्या. आरशासारखा सोनेरी पृष्ठभाग सगळी खोली स्वतःत दाखवतो, बोटांचे ठसे दाखवतो, बोअरच्या पाण्याचे पांढरे थेंब दाखवतो. बारीक रेघांचा पृष्ठभाग प्रकाश पसरवतो आणि धूळही लपवतो. मराठवाड्यात किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या पुण्याच्या उपनगरांत तर चकचकीत सोनेरी नळ म्हणजे रोजची डोकेदुखी.

किती सोनेरी असावं, याचं माप प्रत्येकाच्या हौसेचं. तरी सध्याच्या नव्या फ्लॅटमध्ये एक चूक वारंवार दिसते: लॅमिनेटच्या प्रत्येक सांध्यात सोनेरी टी-पट्टी, प्रत्येक कप्प्याला सोनेरी हँडल, छतात सोनेरी प्रोफाइल, टीव्हीमागे सोनेरी रेघांची टाइल आणि वर सोनेरी झुंबर. सगळंच चमकायला लागलं की डोळा कुठेच थांबत नाही. जुन्या मुंबईतल्या आर्ट डेको इमारतींच्या काळात टेराझो फरशीच्या सांध्यांत घालायच्या बारीक पितळी पट्ट्या याच्या अगदी उलट वृत्तीच्या. त्या मुळात फरशीला चिरा जाऊ नयेत म्हणून घातलेल्या; नक्षी त्यातूनच निघाली. सोनेरी रेघ काहीतरी काम करत असेल, सांधा झाकत असेल, कड वाचवत असेल, तर ती नजरेला टोचत नाही.

उरलेली पथ्यं किरकोळ वाटतात, पण पैसे तिथेच वाया जातात. नळ सोनेरी घेतला आणि बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, अँगल कॉक, वेस्ट कपलिंग क्रोमचे राहिले, हे नेहमीचं. कमोडशेजारचा हेल्थ फॉसेट तर हमखास विसरतो. दोन कंपन्यांचं ‘ब्रश्ड गोल्ड’ एकमेकांशी जुळत नाही. एकाच कंपनीच्या दोन खेपांतही छटा हलू शकते. एका न्हाणीघराचं सगळं सामान एकदम, एकाच ठिकाणाहून घ्यावं. एक धातू सोनेरी आणि दुसरा काळा किंवा क्रोम अशी सरमिसळ चालते. दोन जवळजवळ सारखी सोनं शेजारी आली की दोन्ही खोटी दिसतात.

फरशी बसवल्यावर सिमेंटचे डाग काढायला गवंडी ॲसिड मारतो. त्याआधी सोनेरी नळ बसवलेले असतील तर नुसती वाफही निकेल-क्रोमचे थर बिघडवते, म्हणून नळ ॲसिडधुणीनंतरच बसवायचे. पुढे रोजच्या वापरात मऊ ओलं फडकं आणि मग कोरडं फडकं, एवढंच पुरतं. तारेची घासणी, बाथरूमचं ॲसिड आणि पितांबरी या तिन्ही गोष्टी थर चढवलेल्या सोनेरीपासून लांब ठेवायच्या. पितांबरी फक्त नागड्या पितळेसाठी. सोनेरी काठाच्या चिनी मातीच्या बशा मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडवतात, कारण तो काठ खरोखर धातूचा असतो आणि बऱ्याचदा खऱ्या सोन्याचाच. घरात अनेकांकडे असलेलं खरं ‘गोल्ड फिनिश’ ते एवढंच, आणि ते वापरायला काढलं जातं पाहुणे आल्यावर.

थर चढवलेली वस्तू बिघडली की दुरुस्त होत नाही, हेही घेतानाच माहीत असलेलं बरं. पातेल्याची कल्हई गेली तर कल्हईवाला पुन्हा करून देत असे. पीव्हीडी गेलं तर नळ कारखान्यात परत पाठवून, जुने थर उतरवून, पुन्हा पोकळीत घालावा लागेल. एका नळासाठी ते कोणी करत नाही. म्हणून भिंतीत गाडलेला डायव्हर्टर घेताना त्याचं आतलं कार्ट्रिज आणि बाहेरची सोनेरी झाकणपट्टी पाच-सात वर्षांनी सुटी मिळेल का, हे विचारावं आणि शक्य तर एक जास्तीची झाकणपट्टी घेऊन ठेवावी. घर नव्याने करायला काढलं की जुने नळ भंगारवाल्याकडे जातात. तो कानशीने एक कोपरा घासतो, आत पिवळं निघालं तर पितळेच्या भावाने तोलतो, करडं निघालं तर जस्ताच्या, आणि वरच्या सोनेरी थराचे पैसे कोणालाच देत नाही.